सासुरवाडीच्या अंगणात न सुटणारा नट

सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं त्याच दिवशी मी मोटारसायकलनेच जायचं ठरवून टाकलं. त्यात शहाणपणा कमी आणि रुबाब जास्त होता, हे आज ऐंशी ओलांडल्यावर कबूल करायला हरकत नाही.

साठच्या दशकाची सुरुवात होती. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, मालवणचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. मी कोल्हापुरात एका कचेरीत कारकून. माझी बायको शालिनी मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याची. ती कोल्हापूरला शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आली आणि माझ्याशी रजिस्टर लग्न करून बसली. तिचे वडील, आप्पा, निवृत्त हेडमास्तर. जावई घाटावरचा, त्यात कारकून, त्यात लग्नाआधी परवानगी नाही. आप्पांनी दोन वर्षं आमच्याशी अबोला धरला होता. आता सासूबाईंनी लिहिलं होतं, "चार दिवस येऊन जा. हे काही म्हणणार नाहीत." पुढे कळलं की या वाक्याचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा होता.

मोटारसायकल विलायती होती आणि माझ्या हातात येईपर्यंत तिने तीन मालक पाहिले होते. शेवटच्या मालकाने ती वेंगुर्ल्याला समुद्राकाठच्या पडवीत कित्येक वर्षं उभी ठेवलेली. खाऱ्या वाऱ्याने तिचा लोखंडी म्हणावा असा प्रत्येक भाग तांबूस केला होता. मी वरून काळा रंग मारून घेतला आणि कचेरीभर सांगत सुटलो की गाडी नव्यासारखी आहे.

निघायच्या आदल्या दिवशी पेठेतल्या मिस्त्रीने गाडी तपासली. "सायेब, मागच्या ब्रेकचे लायनर संपल्यात. पर चाकच निघंना झालंय. एक्सलचा नट गंजून बसलाय. दोन दिवस गाडी ठेवा."

दोन दिवस माझ्याकडे नव्हते, कारण मी सगळ्यांना उद्याची तारीख सांगून बसलो होतो. मी नवे लायनर चढवलेली ब्रेकची जोडी विकत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली आणि ब्रेक बदलल्याच्याच समाधानाने घरी आलो. शालूला सांगितलं, "ब्रेक जरा सैल आहे, बाकी झकास."

सकाळी सहाला निघालो. शालू मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, डोक्याला रुमाल. राधानगरीपर्यंत रस्ता बरा होता. तिथे चहा आणि गरम भजी घ्यावी, कारण पुढे दाजीपूरच्या जंगलात खायला काही मिळत नाही. ही सूचना त्या काळची. आज तिथून जाणारी मंडळी गुडघ्यांना ढाली बांधून, डोक्यावर कॅमेरा लावून जातात आणि वाटेत कुठे कॉफी चांगली मिळते ते लिहितात. आमच्या वेळी वाटेत गवे मिळायचे.

दाजीपूर संपलं की फोंड्याचा घाट सुरू होतो. गाडी गरम होऊ नये म्हणून घाट चढताना थांबावं लागतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. उतरताना थांबायचं कसं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वळणावर मी मागचा ब्रेक दाबला. पेडल खालपर्यंत गेलं आणि चाकातून पाट्यावर पातेलं घासल्यासारखा आवाज आला. गाडी मात्र आपल्या चालीने निघाली होती. मी पुढचा ब्रेक आवळला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इंजिन किंचाळायला लागलं. चार-पाच वळणांनंतर पुढचा ब्रेकही तापून ढिला पडला. मग मी दोन्ही पाय खाली सोडले आणि बुटांनी रस्ता घासत उतरायला लागलो. समोरून लाकडांचा ट्रक वर येत होता. डाव्या हाताला दरी होती, उजवीकडे डोंगर. मी ट्रकच्या पुढून डोंगराच्या बाजूला मातीत गाडी घातली. ट्रकवाल्याने माझ्या कुळाचा उद्धार केला. मी मागे न बघता म्हणालो, "शालू, दरी बघ काय सुंदर दिसतेय!"

"बघतेय," शालू म्हणाली.

फोंडाघाटच्या बाजारात पोचलो तेव्हा माझे हात हँडलवरून सुटत नव्हते. बुटांचे तळवे गेले होते. तिथे एका खाणावळीत उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळाली. शालू शांतपणे जेवली. मी दोन ताटं जेवलो. जिवंत माणसाला किती भूक लागते हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे सपाटी होती, त्यामुळे ब्रेकवाचून चालून गेलं. कणकवलीहून आत वळलं की तांबड्या मातीचा फुफाटा. समोरून गाडी आली की पाच मिनिटं काही दिसत नाही, आणि समोरून गाडी येतच नसल्यामुळे ते सोसवतं. मसुऱ्याआधी खाडी आडवी आली. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकल्या होत्या, त्यावर मोटारसायकल चढवली. तरवाला म्हणाला, "भिया नको. गेल्या आठवड्यात म्हस नेलंय." म्हशीला पोहता येतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी आम्ही अंगणात शिरलो. गावची मुलगी मोटारसायकलवर बसून येतेय ही बातमी आमच्याआधीच पोचली होती. अर्धं मसुरं कुंपणाशी उभं होतं. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आप्पा ओसरीवर आरामखुर्चीत होते. पांढरं धोतर, काळी टोपी, नाकावर चष्मा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शालूकडे बघून शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "शालिनी, यांना विचार, प्रवास सुखरूप झाला का?"

मी त्यांच्यापासून तीन हातांवर उभा होतो. शालू माझ्याकडे वळून म्हणाली, "आप्पा विचारतायत, प्रवास सुखरूप झाला का?"

"अगदी सुखरूप," मी शालूला सांगितलं. तिने ते आप्पांना सांगितलं. असं आमचं बोलणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहज बोलावं तसं म्हणालो, "मागचे लायनर बदलून टाकतो. तासाभराचं काम." परतीच्या वाटेवर घाट चढायचा असला तरी ब्रेकशिवाय शालूला पुन्हा मागे बसवायची माझी छाती नव्हती. जुन्या चिंध्यांत बांधून आणलेले पाने काढले आणि मागच्या चाकाच्या मोठ्या नटाला पाना लावला. जोर दिला. नट हलला नाही. उभा राहून जोर दिला. पाना निसटला आणि मी तुळशीवृंदावनाशी जाऊन पडलो.

एखाद्या नटाबद्दल एका गावात इतकी मतं असू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं. तासाभरात अंगणात पंधरा माणसं जमली. त्यातल्या एकानेही आयुष्यात मोटारसायकल खोललेली नव्हती, आणि त्यामुळे कुणाच्याच मतात शंकेला जागा नव्हती. पोस्टमन म्हणाला, खोबरेल सोडा. दुकानदार म्हणाला, खोबरेलाने काय होतंय, घासलेट सोडा. शेजारच्या काकी म्हणाल्या, तांब्याची भांडी आमसुलाने निघतात, मग हे का नाही निघणार? आमसुलाचं पाणी ओतलं. तातू सुतार आपला हातोडा घेऊन आला आणि कुणाला न विचारता त्याने पान्याच्या टोकावर दणादण घातले.

"हलता! हलता!" सगळे ओरडले.

हलत होता तो पाना. त्याने नटाचे कोपरे खाऊन टाकले होते. सहा कोपऱ्यांचा नट आता जवळजवळ गोल झाला होता.

"तुमचो नटच वायट," तातूने निकाल दिला.

दुपारी गावचे वृद्ध गावकर आले, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यांनी परिस्थिती पाहिली, अंगणात नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो घाटावरचो जावई आज तुझ्या पायाशी इलो आसा. तेच्या गाडयेचो नट अडकलो आसा. कोणाची नजर लागली आसात, कोणी काय केला आसात, ता दूर कर आणि ह्यो नट सुटाक होयो असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पंधराही जण म्हणाले. मीही म्हणालो. मग सगळ्यांनी मोठ्या आशेने माझ्याकडे बघितलं. मी पाना लावला. नट जिथल्या तिथे.

"देवाक जरा वेळ देवक व्हयो," गावकर म्हणाले आणि नारळ घेऊन गेले.

आप्पांनी हा सगळा तमाशा ओसरीवरून पाहिला होता. संध्याकाळी ते खांबाकडे बघून म्हणाले, "शालिनी, यांना सांग. मालवण बंदरात माझा एक विद्यार्थी लाँचीची इंजिनं दुरुस्त करतो. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघे तिकडे जाऊ."

शालू येणार नव्हती. आमच्या दोघांमध्ये निरोप कोण पोचवणार, याची चिंता मला रात्रभर होती. आप्पांना ती नव्हती. एस.टी.त आम्ही एकाच बाकड्यावर खांद्याला खांदा लावून बसलो. कंडक्टर आला तसे आप्पा त्याला म्हणाले, "यांना सांगा, खिडकी बंद करावी, धुरळा येतोय." कंडक्टरने माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, मग मोठ्याने म्हणाला, "ओ, खिडकी बंद करा, ह्यांका धुरळो लागता." पुढे काही वेळाने त्याला या कामाची गोडीच लागली. मी काही बोललो नाही तरी तो मागे येऊन विचारून जायचा, "ह्यांका काय सांगाचा आसा?"

मालवणला गेलात तर सकाळी बंदरावर जाच. पाण्यात समोर सिंधुदुर्ग किल्ला, किनाऱ्यावर होड्या, आणि सुरमईच्या भावावरून चाललेला गलका. तिथेच एका माडाखाली, उघड्यावर इंजिन पसरून हसनभाई बसले होते. पन्नाशीचे, चौकड्यांची लुंगी, कोपरापर्यंत काळं ग्रीस. आप्पांना बघून ते ताडकन उभे राहिले आणि काळे हात पाठीमागे लपवले, जणू वहीवर शाई सांडली होती.

"मास्तर! तुमी कित्याक इलात? सांगान धाडूचा होता."

आप्पांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि सांगताना माझा उल्लेख "हे गृहस्थ" असा केला. हसनभाईंनी मला एकच प्रश्न विचारला, "पाने खंयचे वापरलात?"

मी बरोबर आणलेले पाने दाखवले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, गाडी विलायती, तिचे नट इंचाच्या मापाचे. तुझे पाने दुसऱ्या मापाचे. ह्यो पाना बसता खंय? नुसतो बसल्यासारखो दिसता." समुद्रावर काम केलेल्या माणसाला गंजाबद्दल काही शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले आणि तोवर नटावर घासलेट सोडत राहा, आमसूल नको, असं बजावलं.

ते आले ते होडीने, हातात डालडाचा जुना डबा, त्यात हत्यारं. गावही आलं होतंच. हसनभाईंनी आधी तातूचा हातोडा मागितला आणि तो स्वतःच्या बुडाखाली ठेवून त्यावर बसले. मग तारेच्या ब्रशने आट्यांमधला गंज खरवडून काढला. कानशीने नटाला दोन बाजू पुन्हा सपाट केल्या, त्यावर नीट बसेल असा रिंग पाना शोधला. छोट्या हातोडीने नटाच्या भोवती टक टक करत राहिले, पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक कंटाळले. कुणी म्हणालं, ह्याका जोर नाय वाटता. हसनभाई टक टक करत राहिले. मग घासलेट, मग पुन्हा टक टक.

"आता दुसऱ्या बाजूनं एक्सल कोण धरता? आख्खो एक्सल फिरलो तर उपेग नाय. घट धरूक होयो."

मी पुढे झालो. "तू नको," हसनभाई म्हणाले, "तू पायपावर जोर दे." त्यांनी पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप चढवला. अंगणात पंधरा माणसं होती, पण एवढ्या लोकांसमोर हात काळे करायला आता कुणी पुढे येईना. तेव्हा आप्पा ओसरीवरून उतरले. त्यांनी धोतर वर खोचलं, टोपी काढून शालूच्या हातात दिली, मातीत मांडी घालून बसले आणि दुसरा पाना दोन्ही हातांनी धरला.

"आधी घट कर," हसनभाई मला म्हणाले.

"सोडायचाय ना?"

"आधी घट कर सांगतंय. इल्लोसो. गंज फुटाक होयो."

मी पाइप उलटीकडे दाबला. कुठेतरी 'कट' असा बारीक आवाज आला. "आता सोड," हसनभाई म्हणाले. मी सगळं अंग पाइपवर टाकलं. आप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या. नट करकरला, थांबला, पुन्हा करकरला आणि फिरला.

"व्हय म्हाराजा!" गावकर ओरडले. त्यांच्या मते देवाला दोन दिवस लागले होते.

चाक निघालं. हसनभाईंनी आतले ब्रेक काढून उजेडात धरले. लायनर नावाची वस्तू तिथे उरलीच नव्हती. रिव्हेटांची पितळी डोकी चकचकीत झाली होती आणि ड्रममध्ये त्यांनी नख अडकेल एवढे खोल चरे पाडले होते.

"ह्या ब्रेकार तू घाट उतारलंस?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी हात पुढे केला, ते तुकडे घेतले, चष्मा पुसून बघितले. मग दोन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, आणि पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली.

"माझ्या चेडवाक पाठी बसवन? ह्या असल्या ब्रेकार? तुका म्हायत होता?"

नाही म्हणणं सोपं होतं. हसनभाई काही बोलले नसते. "होतं," मी म्हणालो. "कोल्हापुरातच मिस्त्रीने सांगितलं होतं. मी थांबलो नाही."

आप्पांचा हात उठला. मला वाटलं, आता बसते. मीही गाल मागे घेतला नाही. तेवढ्यात मागून शालू म्हणाली, "आप्पा, माका घाटातच कळला."

सगळे तिच्याकडे वळले.

"तुम्ही पाय खाली सोडलेत तेव्हाच कळलं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मी ओरडले असते तर तुम्ही मागे वळून बघितलं असतं. म्हणून दरी बघत बसले."

मी तिथेच मातीत बसलो. मला वाटत होतं की मी तिला घाबरू दिलं नाही. खरं तर ती मला सांभाळत खाली आली होती.

"आणि इतके दिवस गप रवलंस?" आप्पा तिच्यावर खेकसले.

"तुम्ही दोन वर्षं रवलात तां?" ती म्हणाली.

पंधरा माणसांना एकाच वेळी आपापल्या घरची कामं आठवली. अंगण रिकामं झालं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "हसन, जेवान थंड होता. चाक मागसून बशीव." आप्पांनी हात धुतले, मग तांब्या माझ्यापुढे धरला. "धू," म्हणाले. कुणामार्फत नाही.

दुपारी हसनभाईंनी ड्रम घासून घेतला, नवे ब्रेक बसवले, आट्यांना ग्रीस लावलं आणि नट मलाच आवळायला लावला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "मास्तरांनी माका मापा शिकयली," एवढंच म्हणाले.

परतीचा निर्णय आप्पांनी जाहीर केला. शालू फोंडाघाटपर्यंत एस.टी.ने जाईल. मोटारसायकलवर मागे ते स्वतः बसतील आणि ब्रेकची परीक्षा घेतील. बासष्ट वर्षांचा हेडमास्तर, कोट, टोपी, काखेत छत्री. गावाने पुन्हा कुंपणाशी गर्दी केली.

प्रवाशांना एक सूचना. निवृत्त हेडमास्तरांना मागे बसवून तुमची चाळीस मैलांची परीक्षा होऊ देऊ नका. दर मैलाला छत्रीची मूठ माझ्या पाठीत बसायची, "थांब!" मी ब्रेक दाबायचो. गाडी थांबायची. आप्पा खाली वाकून चाक बघायचे, "हं, चल." एकदा भर उतारावर, एकदा ओल्या मातीत, एकदा कोंबडी आडवी आल्यावर. कोंबडी वाचली तेव्हा त्यांनी "बरा" असा शेरा दिला. कणकवलीला चहा पिताना ते म्हणाले, "कारकुनीत बढती मिळता का कधी?" मी हो म्हणालो. "परीक्षा देवची लागता?" हो म्हणालो. "मगे दी," ते म्हणाले.

फोंडाघाटला शालू आमच्याआधी पोचली होती. आप्पा उतरले, कोट झटकला. तिला म्हणाले, "ब्रेक चांगलो आसा. बस." मला काही म्हणाले नाहीत, फक्त घाट चढत आम्ही पहिल्या वळणाआड होईपर्यंत रस्त्यात उभे होते. शालूने ते मला सांगितलं. मी मागे वळून बघितलं नाही.

कोल्हापूरला परतल्यावर महिनाभर शालू गाडीवर बसली नाही. मी विचारायचो, ती म्हणायची, "चालत जाऊ." मीही आग्रह केला नाही. त्या महिन्यात मी रोज सकाळी गाडी बाहेर काढून दोनदा ब्रेक दाबून बघायचो. गल्लीतले लोक हसायचे. आजही फोंडा घाट म्हटलं की मला झाडी आठवत नाही, पायाखाली खोल गेलेलं ते पेडल आठवतं. तो रस्ता आता रुंद झालाय म्हणतात. झाला असेल. तुम्ही जा, जरूर जा, फक्त बरोबरच्या माणसाला गाडीचं खरं सांगून जा. नाही जायचं म्हणाला, तर त्याला तेवढा हक्क आहे.

महिन्याने एका रविवारी संध्याकाळी मी गाडी पुसत होतो. शालू साडी बदलून बाहेर आली आणि मागे बसली. मी रंकाळ्याकडे गाडी काढली. इतक्या हळू, की एक सायकलवाला घंटी वाजवून आमच्या पुढे गेला. मग एक टांगा गेला. मग दोन बायका पायी पुढे गेल्या.

शालूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो," ती म्हणाली, "एवढंही हळू नको."